कडक चिकणमातीची ताकद नक्की कोणत्या टेस्टची धरायची? (पूर्णेचं खोरं, खारपाणपट्टा)

खारपाण_इंजिनिअर | १६ मे, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, आज अडलंय म्हणून लिहितोय.

अकोला जिल्ह्यात पूर्णेच्या खोऱ्यात एका गावाला पाण्याची उंच टाकी बांधायचीय, दीड लाख लिटरची. खारपाणपट्टा म्हणजे विहिरीचं पाणी खारट, पिण्याचं पाणी बाहेरून पाइपलाइननं येतं, त्यामुळे टाकी हवीच. बाकी महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी चार-पाच मीटरवर मुरूम लागतो, मग काळा दगड, आणि मातीच्या ताकदीचा प्रश्न तिथेच मिटतो. इथे गाळ इतका खोल आहे की दगड शोधायचा नाद सोडावा लागतो, टाकी मातीवरच उभी राहणार.

बोअर १५ मीटरचा घेतला, मागच्या आठवड्यात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. वरचे अडीच मीटर काळी माती, भेगा एवढ्या की मनगट आत जाईल. त्याखाली ९ मीटरपर्यंत पिवळसर-तपकिरी कडक चिकणमाती, मधेमधे चुनखडीचे खडे, आणि त्याखाली तशीच पण जरा सिल्टी. लिक्विड लिमिट ६८, प्लॅस्टिक लिमिट २८, म्हणजे पीआय (प्लॅस्टिसिटी इंडेक्स, या दोन्हींतला फरक) ४०.

आता गंमत नाही, खरी अडचण सांगतो. साडेचार मीटरवरची एकच माती आणि तिचं अनड्रेन्ड कोहेजन (आतलं पाणी निघून जायच्या आत माती जी ताकद दाखवते ती) असं येतंय:

एसपीटी (बोअरमधे हॅमरनं नळी ठोकून ठोके मोजायची टेस्ट), त्यातला ठोक्यांचा आकडा एन १७, टेर्झागी-पेकच्या टेबलवरून ११० च्या आसपास किलोपास्कल. तोच एन १७ स्ट्राउडच्या साडेचार पटीनं धरला तर ७६. यूसीएस (बाजूचा दाब न देता सॅम्पल दाबून तोडायची टेस्ट) १२८ आला, त्याचं निम्मं ६४. ट्रायअ‍ॅक्सियल यूयू (३८ मिमी सॅम्पल, बाजूनं दाब देऊन, पाणी निघू न देता तोडलेलं) मधे लॅबनं सी (कोहेजन) ७० आणि फाय (घर्षणाचा कोन) १० अंश दिलाय. आणि साइटवर पॉकेट पेनेट्रोमीटरनं (मातीत टोचून वाचायचं छोटं यंत्र) मी स्वतः सव्वातीन किलो प्रति चौसेमी वाचलं, म्हणजे कोहेजन १६० च्या घरात!

६४ पासून १६० पर्यंत. आमच्याकडचे सीनियर म्हणतात सरासरी काढ आणि पुढे चल. मला ते पटत नाहीये कारण या पाच आकड्यांमधे कुठलेच दोन एकाच गोष्टीचं माप वाटत नाहीत. तुम्ही लोक काय करता?

---

स्ट्रक्चरवाला | १७ मे, सकाळी ८:०५

माझ्या बाजूनं सांगतो, मला शेवटी एसबीसीचा (जमीन सुरक्षितपणे किती भार पेलेल त्याचा) एकच आकडा लागतो. पण तुझ्यासारखा प्रश्न विचारणारा सॉइलवाला मिळाला तर मी थांबायला तयार आहे, कारण टाकी भरली की सगळं वजन एकदम येतं आणि दीडशे टन पाणी रोज चढतं-उतरतं. वाचतोय.

---

बोअरवाले_काका | १७ मे, दुपारी १:४०

बेटा, आकडे नंतर, आधी बोअर कसा झाला ते सांग. मी तीस वर्षं ट्रायपॉड आणि विंचवर काम केलंय म्हणून विचारतो. हॅमर ६३.५ किलोचा आणि ७५ सेंटीमीटरवरून पडला पाहिजे हे पुस्तकात आहे पण दोरी ड्रमवर किती वेढे घेतली होती? दोन वेढे असले तर हॅमर बऱ्यापैकी मोकळा पडतो, तीन-चार घेतले की दोरी धरून ठेवते, ठोका मऊ बसतो आणि ठोक्यांची संख्या वाढते. माती आहे तेवढीच पण कागदावर कडक दिसते. हॅमर मोजून ७५ ला उचलतात का तेही बघायचं असतं, दुपारच्या उन्हात पोरं दमली की ६० ला सोडतात, त्यांना दोष देत नाही, बघणारा हवा.

दुसरं, तुझ्या फील्ड लॉगमधले १५-१५ सेंटीमीटरचे तिन्ही आकडे टाक, नुसता एन (शेवटच्या दोनांची बेरीज) नको.

---

खारपाण_इंजिनिअर | १७ मे, रात्री ९:१५

काका, फोटो काढले होते ते झूम करून बघितले, वेढे तीन आहेत.

लॉग असा:
१.५ मी: ८ / १० / ११
४.५ मी: ६ / ८ / ९
६.० मी: ९ / ११ / २७
७.५ मी: ७ / ९ / १०

सहा मीटरला एन ३८ म्हणून रिपोर्टमधे 'हार्ड क्ले' लिहिलंय.

---

बोअरवाले_काका | १७ मे, रात्री ९:५०

बघ, तिथेच आहे. ९, ११ आणि मग एकदम २७. स्प्लिट स्पून (ठोकायची नळी) उघडला तेव्हा खालच्या टोकाशी, शूजवळ, चुनखडीचा खडा अडकला होता का विचार तुझ्या माणसाला. खडा स्पूनच्या तोंडात बसला की स्पून कापत नाही, ढकलतो. ती माती हार्ड नाही, शेवटच्या १५ सेंटीमीटरमधे खडा लागला एवढंच. तो ३८ काढून टाक हिशोबातून, वर १७ खाली १९ आहे, मधे ३८ कुठून येईल.

---

थेम्सकाठची_माती | १८ मे, पहाटे २:३०

हा धागा बघून राहवलं नाही. मी मूळची अमरावतीची, गेली अकरा वर्षं लंडनमधे जिओटेकमधे काम करते, इथली शहराची बरीचशी पाया-कामं लंडन क्ले नावाच्या कडक, भेगाळलेल्या मातीतच होतात. तुझी माती वेगळी आहे, ती नदीचा गाळ आणि बेसॉल्टच्या झिजेतून आलेली, ही समुद्राच्या तळाची आणि वरचं कित्येक मीटरचं ओझं निघून गेल्यामुळे आवळलेली. पण तुझा प्रश्न मात्र इथे सत्तर वर्षं चघळलाय लोकांनी.

इथे एसेक्समधे ब्रॅडवेलला अणुवीज केंद्राच्या पायासाठी १९५७ मधे खोल खड्डा खणला होता. लॅबच्या आकड्यांवर हिशोब केला तर उतार आरामात उभा राहायला हवा होता, पण खणून झाल्यावर काही दिवसांतच घसरला. स्केम्प्टन आणि ला रोशेल या मृदातज्ज्ञांनी १९६५ मधे त्यावर लिहिलं, उलटा हिशोब करून बघितलं तर मातीनं जागेवर जी ताकद दाखवली ती लॅबच्या ताकदीच्या निम्म्याहून थोडीच जास्त होती. कारण काय, तर लॅबमधे जे सॅम्पल टिकतं ते भेगा नसलेलं ढेकूळ असतं. ३८ मिमीचं सॅम्पल कापताना भेग आली की ते तुटतं, फेकून देतात, उरलेल्या चांगल्या ढेकळाची टेस्ट होते. जमिनीत मात्र घसरण भेगा शोधत शोधत जाते.

नंतर मार्सलँडनं बोअरच्या तळाशी ८६५ मिमीच्या मोठ्या प्लेटवर टेस्ट घेतल्या, त्यातही तेच, छोट्या सॅम्पलची ताकद मोठ्या प्लेटपेक्षा स्पष्ट जास्त.

म्हणून तुझे पाच आकडे मी 'किती माती तपासली गेली' या क्रमानं लावीन. पॉकेट पेनेट्रोमीटरचं टोक साधारण साडेसहा मिमीचं, ते तू अख्ख्या ढेकळात खुपसलंस, भेगेत नाही खुपसलंस, म्हणून १६०. त्याच्यावर डिझाईन करायचं नसतं, बोअरमधल्या थरांची आपसात तुलना करायला ते ठीक.

आणि स्ट्राउडबद्दल. त्याचा १९७४ चा गुणांक इंग्लंडमधल्या कडक मातींवर, १०० मिमी सॅम्पलच्या ट्रायअ‍ॅक्सियलशी जुळवलेला आहे. पीआय ३० च्या वर असेल तर साधारण साडेचार पट, पीआय कमी असेल तर सहापर्यंत चढतो. तुझा पीआय ४० आहे तेव्हा साडेचार बरोबर. पण तो गुणांक इथल्या ट्रिप हॅमरच्या (दोरीशिवाय आपोआप सुटणाऱ्या) एनवर आहे! तुझ्या तीन वेढ्यांच्या दोरीनं समजा ४५ टक्के ऊर्जा पोचली असेल तर ६० टक्क्यांवर आणलेला एन १३ च्या आसपास येतो, आणि कोहेजन ५७-५८.

---

खारपाण_इंजिनिअर | १८ मे, सकाळी ७:१०

ताई, म्हणजे ७६ नाही, ५८?? मग यूसीएसचा ६४ खरा धरू का? जवळपास जुळतोय.

---

लॅबमधला_सर | १८ मे, सकाळी ११:००

जुळला म्हणून खरा असं लगेच धरू नका. दोन चुका एकाच बाजूला गेल्या तरी आकडे जुळतात.

यूसीएसचं सॅम्पल कसं तुटलं ते लॅबमधे जाऊन बघा. तुटलेले तुकडे बहुतेक ट्रेमधे पडून असतील अजून. पोट फुगून तुटलं असेल तर ती मातीची स्वतःची ताकद. पण जर थोड्याशाच स्ट्रेनला एका तिरक्या चकचकीत सपाट पृष्ठभागावर सरकलं असेल तर ती आधीच असलेली भेग आहे. काळ्या मातीत आणि तिच्याखालच्या चिकणमातीत असे तेल लावल्यासारखे गुळगुळीत पृष्ठभाग असतातच, दरवर्षी फुगून-आटून माती स्वतःवरच घासते त्यातून ते तयार होतात. यूसीएसला बाजूचा दाब शून्य असल्यामुळे अशी भेग उघडते आणि आकडा गरजेपेक्षा खाली येतो. जमिनीत साडेचार मीटरवर वरच्या मातीचा दाबच ८५ किलोपास्कलच्या आसपास आहे, तिथे भेग मिटलेली असते.

आता यूयूच्या सी ७० आणि फाय १० कडे या, मला यातच सगळ्यात जास्त धोका दिसतो. चिकणमाती पूर्ण ओली असेल तर यूयूमधे सेल प्रेशर (बाजूचा दाब) वाढवलं तरी ताकद वाढत नाही, आलेखावरची तिन्ही वर्तुळं (प्रत्येक दाबाला एक) एकाच मापाची येतात, फाय शून्य. तुमचा फाय १० आला याचा अर्थ सॅम्पलमधे हवा होती, सेल प्रेशर वाढवलं की हवा दाबली गेली आणि माती थोडी आवळली. तो फाय मातीचा गुण नाही, त्या दिवशीच्या कोरडेपणाचा आहे. आणि तो आयएस ६४०३ (पायाची ताकद काढायचं भारतीय मानक) च्या सूत्रात टाकला की काय होतं बघा: फाय १० ला एनसी (सी ला गुणायचा आकडा) ८.३५, फाय शून्यला ५.१४. ७० ला गुणलं तर ५८५ आणि ३६०, शेप फॅक्टर (पायाच्या आकाराचा गुणांक) दोन्हीकडे तोच. पावसाळ्यात नाहीशी होणारी ताकद दीडपटीहून जास्त वाढवून दाखवते. असे रिपोर्ट मी दर महिन्याला बघतो, सी आणि फाय दोन्ही लिहिलेले, आणि कोणी विचारत नाही की सॅम्पलमधे पाणी किती होतं. मला मनापासून वाईट वाटतं त्याचं.

तुमच्या सॅम्पलची ओलावा टक्केवारी आणि सॅचुरेशन (मातीतल्या पोकळीचा किती भाग पाण्यानं भरलाय ते) टाका.

---

खारपाण_इंजिनिअर | १९ मे, संध्याकाळी ६:३०

सर, आज लॅबमधे जाऊन आलो. ट्रे होता. साडेचार मीटरचं यूसीएस सॅम्पल १.८ टक्के स्ट्रेनलाच गेलंय, आणि तुटलेला पृष्ठभाग खरंच चकचकीत आहे, बोटानं हात फिरवला तर काचेसारखा, त्यावर बारीक बारीक रेघोट्या एकाच दिशेनं. साडेसात मीटरचं मात्र फुगून गेलंय, ७ टक्क्यांना.

ओलावा १.५ मीटरवर १७ टक्के, ४.५ ला २४. सॅचुरेशन ४.५ मीटरच्या यूयू सॅम्पलला ८८ टक्के निघालं.

अजून एक दिसलं ते लिहितो. यूडीएस (अख्ख्या, न विस्कटलेल्या सॅम्पलच्या) ट्यूबच्या दोन्ही तोंडांना मेण होतं पण एका ट्यूबचं मेण कडेनं सुटलेलं, आणि ट्यूब आठ दिवस पत्र्याच्या शेडमधे पडून होती. आमच्याच लोकांकडून राहिलं.

---

बोअरवाले_काका | १९ मे, रात्री ८:००

मेण लावायच्या आधी ट्यूबचं तोंड पुसून कोरडं करायचं, पहिला थर पातळ, तो गार झाला की दुसरा. गरम गरम जाड ओतलं की आकसतं आणि कडेनं सुटतं. ट्यूब ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत, आणि दोन-तीन दिवसांत लॅबला. आणि ट्यूब ठोकली होती की जॅकनं दाबली? ठोकली असेल तर कडक मातीत सॅम्पल आतून तडकतं.

---

थेम्सकाठची_माती | २० मे, पहाटे १:१५

काकांचा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. इथे वर्षानुवर्षं जाड भिंतीची यू-१०० ट्यूब हॅमरनं ठोकून सॅम्पल काढायचे, २००६ च्या युरोपियन सॅम्पलिंग स्टँडर्डनंतर तशा सॅम्पलला ताकदीच्या टेस्टसाठी लागणारा पहिला वर्ग मिळत नाही, म्हणून पातळ भिंतीची ट्यूब किंवा रोटरी कोअरिंग. तुझ्या ट्यूबचा एरिया रेशो (आतल्या सॅम्पलच्या तुलनेत भिंत किती जाड ते) मोजून बघ, आयएसमधे कडक मातीला २० टक्क्यांपर्यंत चालतो.

दुसरा बोअर घेता येईल का? आणि शक्य असेल तर पावसाळ्यानंतर.

---

वऱ्हाडी_शेतकरी | २० मे, सकाळी ६:४५

राजेहो, मी इंजिनिअर नाही पण गाव तिकडचंच. आमच्या घराच्या भिंती उन्हाळ्यात उकलतात आणि पावसाळ्यात भेगा बुजतात, दरवर्षी. माती एवढी कडक आहे की उन्हाळ्यात कुदळ उडते, मग घर का हलतं? कडक म्हणजे मजबूत नाही का?

---

लॅबमधला_सर | २० मे, सकाळी १०:२०

भाऊ, तुमचा प्रश्न फार चांगला आहे. तुमची माती उन्हाळ्यात कडक असते ती आतल्या पाण्याच्या ओढीमुळे. मातीत जे थोडं पाणी उरतं ते कणांना एकमेकांकडे खेचून धरतं. पाऊस पडला की ती ओढ जाते, माती फुगते आणि मऊ होते. म्हणजे कडकपणा उसना आहे, पाणी आलं की परत द्यावा लागतो. घर हलतं ते वजनानं खचून नाही, माती वर-खाली होते म्हणून. हे वर-खाली होणं साधारण वरच्या साडेतीन मीटरमधे चालतं, म्हणूनच रुरकीच्या सीबीआरआयनं (केंद्रीय इमारत संशोधन संस्था) अंडररीम्ड पाइल (जमिनीत खोल ओतलेले, खाली फुगवटा असलेले खांब) काढले, त्यांचा फुगवटा या हलणाऱ्या थराच्या खाली बसवायचा असतो. नवीन घर बांधाल तेव्हा त्याचा विचार करा, आणि भिंतीलगत सांडपाणी मुरू देऊ नका, झाडही भिंतीला लागून नको.

---

खारपाण_इंजिनिअर | २० मे, रात्री १०:००

आमच्या सीनियरशी बोललो. भांडण झालं नाही, उलट त्यांनी चकचकीत तुकड्याचा फोटो बघून स्वतःच म्हटलं की टाकीचं काम तसंही दिवाळीनंतर सुरू होणार आहे, ऑक्टोबरमधे दुसरा बोअर घे. तोवर धागा उघडा ठेवतो.

---

नागपूरकर_जिओ | ३ जून, दुपारी ३:३०

उशिरा आलो. स्टॅटिक कोन टेस्टचा (जमिनीत शंकू दाबून विरोध मोजायची) विचार केलात का? आयएस ६४०३ मधेच दिलंय, ओव्हरकन्सॉलिडेटेड (पूर्वी जास्त ओझ्याखाली आवळलेल्या) मातीला कोनचा रेझिस्टन्स भागिले २२ ते २६. लंडनवाल्या ताई सांगतील, भेगाळलेल्या मातीला तिकडेही भाजक पंचवीस-तीसकडे जातो, मऊ मातीसारखा १५ धरला तर ताकद फुगते. फक्त चुनखडीचे खडे जास्त असतील तर कोन तिथे अडतो किंवा तिरका जातो, ग्राफमधे काटे दिसतात ते वगळून खालच्या कडेनं रेघ मारायची. फील्ड व्हेनच्या (जमिनीत पाती फिरवून घ्यायची टेस्ट) भानगडीत इथे पडू नका, ती मऊ मातीची टेस्ट आहे, कडक मातीत पाती खड्याला अडकली की आकडा खड्याचा येतो.

---

खारपाण_इंजिनिअर | २८ ऑक्टोबर, रात्री ११:४५

मंडळी, परत आलोय. पहिल्या बोअरपासून तीन मीटरवर दुसरा बोअर घेतला. मी दोन्ही दिवस स्वतः उभा होतो. दोरी दोन वेढे, रॉडवर ७५ सेंटीमीटरची खडूची खूण, पातळ भिंतीची ट्यूब जॅकनं दाबून, मेण दोन थरांत, तिसऱ्या दिवशी लॅबमधे.

१.५ मीटर: मे मधे एन २१ आणि ओलावा १७. आता एन ६, ओलावा ३१. तीच जागा!! मे मधल्या आकड्यावर कोणी दीड मीटरवर फुटिंग ठेवलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करून झोप लागली नाही.

४.५ मीटर: एन १७ होता, आता १४. ओलावा २४ चा २६. म्हणजे खाली फारसं हललेलं नाही, आणि जो फरक आहे त्यातला काही दोरीचा असणार.

सहा मीटरला १६, म्हणजे काकांचा खडा खराच.

यूयू यावेळी १०० मिमीच्या अख्ख्या सॅम्पलवर, सेल प्रेशर वरच्या मातीच्या दाबाच्या आसपास, सॅचुरेशन ९७. साडेचार मीटरला ७२, साडेसातला ८१, साडेदहाला ९४. तिन्ही वर्तुळं जवळपास सारखी, लॅबनं फाय लिहिलाच नाही.

आता स्ट्राउड: १४ गुणिले साडेचार, ६३. १०० मिमी यूयू ७२. मी डिझाईनला साडेचार ते नऊ मीटर ७०, खाली ९० धरतोय. मे मधल्या ३८ मिमीच्या टेस्टवरून ८५ सेल प्रेशरला १०० येत होते, तेच १०० मिमीवर ७२.

पाया पाइलचाच ठरला, ४५० मिमी बोअर्ड, १२ मीटर. वरचे साडेतीन मीटर घर्षणात धरलेच नाहीत. अल्फा (कोहेजनचा किती भाग पाइलच्या बाजूला घर्षण म्हणून मिळतो तो गुणांक) ०.४५. सरासरी कोहेजन ७५ धरून बाजूचं घर्षण ४०५ किलोन्यूटन, तळाचं ९ गुणिले ९० नं १२९, मिळून ५३४, भागिले अडीच, म्हणजे एका पाइलला २१ टन. बरोबर आहे का?

---

थेम्सकाठची_माती | २९ ऑक्टोबर, पहाटे ३:००

छान काम केलंस, खरंच. एक लक्षात ठेव, ०.४५ हा स्केम्प्टननं १९५९ मधे लंडन क्लेमधल्या बोअर्ड पाइलच्या लोड टेस्टवरून काढला, आणि त्या काळच्या छोट्या सॅम्पलच्या ताकदीशी जोडून. म्हणजे तो गुणांक आणि ती टेस्ट ही जोडी आहे. तू मोठ्या सॅम्पलची, कमी आलेली ताकद घेतोस आणि तरी ०.४५ लावतोस, तर सुरक्षित बाजूलाच आहेस. उलटं, १६० ला ०.४५ लावला असतास तर काहीच अर्थ राहिला नसता.

आणि बोअर करून रात्रभर उघडा ठेवू नका. भेगांमधून पाणी झिरपतं, भिंत मऊ होते, सकाळी तुझा ७० भिंतीलगत राहत नाही. खणलं त्याच दिवशी काँक्रीट.

---

लॅबमधला_सर | २९ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

पाइलचं स्टील पूर्ण लांबीला न्या. उन्हाळ्यानंतर माती फुगली की वरचे साडेतीन मीटर पाइलला वर खेचतील, टाकी रिकामी असताना ते जाणवेल. घर्षण धरलं नाही म्हणून ते नसतं असं नाही.

आणि लोड टेस्ट घ्याच. टेस्ट पाइलला वरच्या साडेतीन मीटरमधे लायनर घाला, नाहीतर कोरड्या दिवसात वरची माती पाइल धरून ठेवेल आणि आकडा खोटा येईल.

---

खारपाण_इंजिनिअर | ११ फेब्रुवारी, रात्री ९:२०

लोड टेस्ट झाली. वरच्या साडेतीन मीटरला पत्र्याचा लायनर, बाहेरची पोकळी बेंटोनाइटनं भरलेली. डिझाईनच्या अडीच पट म्हणजे ५२.५ टनांपर्यंत चढवलं, डायल गेज चार. शेवटच्या टप्प्याला एकूण बसणं ८.४ मिमी, उतरवल्यावर ५ मिमी परत आलं. १२ मिमीच्या मर्यादेपर्यंत गेलंच नाही. जॅकवरचा काटा शेवटच्या टप्प्याला २४ तास जवळपास हलला नाही, गावातली चार माणसं कुतूहलानं रात्रभर शेकोटी करून बसली होती आमच्याबरोबर.

---

थेम्सकाठची_माती | १२ फेब्रुवारी, पहाटे १:५०

वा! फक्त रिपोर्टमधे 'अल्फा ०.४५ सिद्ध झाला' असं लिहू नकोस. पाइल फेल झालं नाही म्हणजे ताकद ५२.५ टनांपेक्षा जास्त आहे एवढंच कळलं, किती जास्त ते नाही.

---

खारपाण_इंजिनिअर | १२ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

लिहिलं होतं ताई, आत्ता ती ओळ काढली. ५२.५ टनांना ८.४ मिमी, एवढंच ठेवलंय, आणि शेजारी दोन्ही बोअरचे ओलाव्याचे आकडे महिन्यासकट.

---

बोअरवाले_काका | १२ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

ठोक्यांचे तिन्ही आकडे पण ठेव बेटा, नुसता एन नको.